गृहरक्षक श्वान व त्याच्या स्वामीचें दायित्व

कुत्र्याविषयीं आपल्या समाजांत दोन समजुती फार दृढ झालेल्या आहेत. पहिली अशी कीं, आपल्या पूर्वजांनीं या प्राण्यास केवळ अमंगल मानून उंबऱ्याबाहेर ठेविलें आणि घर राखण्यासाठीं कुत्रा पाळण्याची चाल परकीयांच्या सहवासानें आली. दुसरी अशी कीं, कुत्रा कोणास चावला तर तो दोष कुत्र्याच्या जातीचा. पाळणाराकडे त्याचा जाब मागण्याचें कारण नाहीं. पहिली समजूत वाङ्मयाच्या अपुऱ्या वाचनांतून निघालेली आहे, दुसरी केवळ सोयीची आहे. या दोन्ही समजुती जुन्या ग्रंथांच्या कसोटीस उतरत नाहींत, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटण्याचा संभव आहे. परंतु आज शहरांतील बंगल्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशा पाट्या जागोजागीं दिसतात. आंतील कुत्रें दिवसभर हातभर सांखळीस बांधलेलें असतें, त्यास कोणी कांहीं शिकविलेलें नसतें, आणि रात्रीं तें मोकळें सोडलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें यजमानास वाटतें. अशा वेळीं या प्राण्याशीं आपला जुना करार काय होता, हें तपासून पाहणें अगदींच निरुपयोगी ठरणार नाहीं.

१. शब्दांची साक्ष

प्रथम शब्दांकडे वळूं. पाणिनीच्या अष्टाध्यायींत, चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत, ‘कुल’ या शब्दापासून कुत्रा हा अर्थ असतां एक विशेष तद्धित रूप सिद्ध होतें असें सांगितलें आहे. तें रूप ‘कौलेयक’. कुळाशीं संबंध असलेल्या इतर कशासही ‘कौल’ म्हणावें, कुत्र्यास मात्र ‘कौलेयक’ म्हणावें, असा काशिकावृत्तीचा आशय आहे. या शब्दाचा अर्थ ‘चांगल्या कुळीचा कुत्रा’ असा कोणी करतात, तर ‘घरचा, कुटुंबांतला कुत्रा’ असा दुसरे करतात. यांपैकीं कोणताही अर्थ घेतला तरी निष्कर्ष एकच निघतो. गांवांत भटकणाऱ्या कुत्र्याहून निराळा, कुळाशीं जोडलेला असा एक कुत्रा पाणिनीच्या काळीं लोकांच्या परिचयाचा होता. पाणिनीनें वस्तु निर्माण केल्या नाहींत. लोकांच्या तोंडीं असलेल्या शब्दांची त्यानें व्यवस्था लाविली. शब्द रूढ होता, त्या अर्थीं वस्तुही रूढ होती.

त्याच ग्रंथाच्या पांचव्या अध्यायांत ‘गोष्ठश्व’ असा एक समास निपातनानें सिद्ध केलेला आहे. गोष्ठश्व म्हणजे गोठ्यावरचा कुत्रा. एक कुळाचा व एक गोठ्याचा, अशी ही जोडी ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पारशी लोकांच्या अवेस्ता ग्रंथांतील वेंदिदाद या भागांत कुत्र्यांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत अग्रस्थानीं हीच जोडी आढळते. तेथें ‘पशुश्-हौर्व’ म्हणजे पशूंचा राखणदार, व ‘विश्-हौर्व’ म्हणजे वस्तीचा किंवा घराचा राखणदार. यांतील ‘पशु’ व ‘विश्’ हे शब्द संस्कृतज्ञांस परके नाहींत. ‘विश्पति’ या वैदिक पदांत तोच ‘विश्’ आहे. सिंधूच्या दोन्ही अंगांस राहणाऱ्या या भाषाभगिनींनीं कुत्र्याची विभागणी त्याच्या कामावरून केली, रंगावरून किंवा आकारावरून केली नाहीं, हें येथें महत्त्वाचें आहे.

अमरकोशानें कुत्र्याचीं नांवें द्वितीय कांडाच्या शूद्रवर्गांत दिलीं आहेत. त्यांत ‘कौलेयक’ आहे, ‘सारमेय’ आहे, भुंकण्यावरून पडलेला ‘भषक’ हाही आहे. पिसाळलेल्या कुत्र्यास ‘अलर्क’ व शिकारींत तरबेज अशा कुत्र्यास ‘विश्वकद्रु’ अशीं स्वतंत्र नांवें आहेत. ज्या समाजास कुत्रा म्हणजे केवळ विटाळ एवढेंच ठाऊक असेल, त्याच्या कोशांत इतका भेद कशाला येईल?

२. ऋग्वेदांतील राखणदार

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील पंचावन्नावें सूक्त सर्व घरास झोंप आणण्यासाठीं म्हटलेलें आहे. आई, बाप, कुटुंबप्रमुख या सर्वांबरोबर त्यांत कुत्र्यासही निजण्याची प्रार्थना आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडांतही हीच मोजणी येते व तेथेंही कुत्रा वगळलेला नाहीं. म्हणजे रात्रीं घरांत कोण कोण असतें, याची यादी करतांना कुत्रा घरच्या माणसांच्या पंक्तीस बसला आहे. तो पांढुरका-पिंगट असून त्याचे दांत भाल्यांच्या अग्रांप्रमाणें चमकतात, असें त्याचें वर्णन आहे.

परंतु या सूक्तांत आमच्या विषयाच्या दृष्टीनें खरें मोलाचें स्थळ पुढेंच आहे. सूक्तकार कुत्र्यास म्हणतो, तूं चोरावर व लुटारूवर भुंक. आम्ही तर इंद्राचे स्तोते आहोंत, आमच्यावर कां धांवून येतोस? बृहद्देवतेंत याची कथा अशी दिली आहे कीं, वसिष्ठ रात्रीं वरुणाच्या घरीं गेले असतां तेथील कुत्रा त्यांस चावावयास धांवला व त्यांनीं या मंत्रांनीं त्यास निजविलें. अर्वाचीन पंडितांपैकीं कोणी हें चोराचें जारण मानतात, तर कोणी गुप्तपणें भेटीस येणाऱ्या प्रियकराचें मानतात. त्या वादांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. वक्ता कोणीही असो, त्याच्या तक्रारींतून एक अपेक्षा स्पष्ट होते. घरच्या कुत्र्यास चोर व पाहुणा यांतला भेद कळला पाहिजे. सरसकट सर्वांवर धांवणारा कुत्रा हा उत्तम राखणदार नव्हे; तो अर्धवट शिकलेला राखणदार होय. गृहरक्षणासाठीं कुत्रा तयार करणारे लोक आज जें पहिलें सूत्र सांगतात, तें याहून वेगळें नाहीं.

दहाव्या मंडलांत यमाच्या दोन कुत्र्यांचें वर्णन आहे. ते चार डोळ्यांचे, वाटेची राखण करणारे, माणसांवर दृष्टि ठेवणारे असे आहेत. तेथें मृतास या कुत्र्यांपासून वांचीव एवढीच याचना नाहीं, तर त्यास त्यांच्या स्वाधीन करून त्याचें कल्याण कर, अशी यमास विनंती आहे. राखणदाराची भीति वाटते व त्याचाच आधारही वाटतो, हा अनुभव त्या ऋषींनीं बरोबर टिपला आहे. त्याच मंडलांत देवांची कुत्री सरमा पणींनीं लपविलेल्या गाईंचा माग काढीत नदीपार जाते आणि त्यांनीं दाखविलेल्या लोभास बळी पडत नाहीं. परक्याच्या हातचें न घेणारा कुत्रा, हा राखणदारीचा दुसरा गुण या संवादांत आला आहे.

३. विटाळ आणि उपयोग

मनुस्मृतींत कुत्र्याविषयीं कठोर वचनें आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. कुत्रे पाळणाराचें अन्न वर्ज्य सांगितलें आहे. कुत्र्यांशीं खेळणारास श्राद्धाच्या पंक्तींतून वगळलें आहे. चांडाळांचें धन म्हणजे कुत्रे व गाढवें, असें म्हटलें आहे. परंतु त्याच स्मृतींत वैश्वदेवाच्या वेळीं कुत्र्यांसाठीं भूमीवर अन्न ठेवावें अशी आज्ञा आहे, आणि शिकार धरतांना कुत्र्याचें तोंड शुद्ध मानावें असाही निर्णय आहे. कुत्रा ठार मारणारास एक माष दंड सांगितला आहे. रक्कम अल्प आहे, पण दंड आहे, हें विसरतां येत नाहीं.

हा विरोध कसा उलगडावा? आमच्या मतें स्मृतिकार ज्या वर्गासाठीं लिहीत होते, त्याच्या शौचाचे नियम ते सांगत होते. सर्व समाजाचा व्यवहार सांगत नव्हते. राखण करणारे, रानांत फिरणारे, गुरें वळणारे लोक कुत्रे पाळीत होते, आणि ज्यांनीं त्यांच्या हातचें अन्न वर्ज्य केलें, त्यांचेंही धन त्याच कुत्र्यांच्या भुंकण्यानें सुरक्षित राहत होतें. कौटिलीय अर्थशास्त्र इ. स. १९०९ मध्यें शामशास्त्री यांनीं छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून या व्यवहाराची दुसरी बाजू आपल्यापुढें आली. त्यांत विवीताध्यक्षाच्या प्रकरणीं असें सांगितलें आहे कीं, पारध्यांनीं व कुत्र्यांचे कळप बाळगणाऱ्या श्वगणींनीं रानांतून फिरत राहावें, आणि चोर किंवा शत्रु येत आहेत असें दिसतांच त्यांच्या हातीं न लागतां शंख किंवा दुंदुभि वाजवून सूचना द्यावी. गोऽध्यक्षाच्या प्रकरणीं, ज्या रानांतून अशा लोकांनीं चोर व श्वापदें यांची भीति दूर केली आहे, तेथेंच गुरें चारावीं असा नियम आहे. म्हणजे ज्यांस एका शास्त्रानें पंक्तीबाहेर बसविलें, त्यांस दुसऱ्या शास्त्रानें राज्याच्या पहाऱ्यावर नेमिलें. आमच्या समाजाचा हा दुटप्पीपणा झांकून ठेवण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं.

लोकांच्या धर्मानें मात्र हा प्रश्न आपल्या रीतीनें सोडविला. काशीचा कोतवाल मानलेला काळभैरव कुत्र्याच्या वाहनावर आहे. आमच्या महाराष्ट्रांत मार्तंडभैरव म्हणून पूजिल्या जाणाऱ्या खंडोबाच्या सोबतीस कुत्रा आहे, आणि श्रीदत्तात्रेयाच्या पायांशीं तर चार कुत्रे आहेत. क्षेत्राची राखण करणारा देव व कुत्रा यांचें साहचर्य लोकांनीं सहज मान्य केलें.

४. पोटाचा करार

आतां स्वामीच्या कर्तव्यांकडे येऊं. त्यांपैकीं पहिलें पोषण. या विषयावर आमच्या वाङ्मयांतील सर्वांत मार्मिक प्रकरण नारायणपंडिताच्या हितोपदेशांत, सुहृद्भेदांत आहे. वाराणसीच्या एका परटाच्या घरीं रात्रीं चोर शिरतो. अंगणांत गाढव बांधलेलें असतें व कुत्रा बसलेला असतो. गाढव कुत्र्यास म्हणतें, भुंकून धन्यास कां उठवीत नाहींस? कुत्रा उत्तर देतो कीं, मी रात्रंदिवस घर राखतों. पण बहुत काळ चोरी न झाल्यामुळें धन्यास माझा उपयोग दिसेनासा झाला असून तो मला खावयासही नीट देत नाहीं. शेवटीं गाढव स्वतःच ओरडतें आणि झोंपमोड झाल्यामुळें रागावलेल्या परटाच्या हातून मार खाऊन मरतें.

शाळांतून ही गोष्ट शिकवितांना ‘दुसऱ्याच्या कामांत पडूं नये’ एवढेंच तात्पर्य सांगण्याची वहिवाट आहे. ग्रंथकारास तें अभिप्रेत आहेच. परंतु कुत्र्याच्या उत्तरांत एक दुसरें तात्पर्य आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीनें तें अधिक मोलाचें आहे. राखण चांगली झाली म्हणजे चोरी होत नाहीं. चोरी झाली नाहीं म्हणजे राखणदार निरुपयोगी वाटूं लागतो. आणि तो निरुपयोगी वाटला म्हणजे त्याच्या पोटास चिमटा बसतो. कुत्र्यावर येणारी ही आपत्ति पहारेकरी माणसांवरही अनेकदां आलेली आहे.

अर्थशास्त्रांत या बाबतींत मोघमपणा नाहीं. कोष्ठागाराच्या प्रकरणीं राजाच्या पदरच्या प्राण्यांचा शिधा ठरवून दिलेला असून, तेथें कुत्र्यास एक प्रस्थ शिजविलेला भात सांगितला आहे. हंस, क्रौंच व मोर यांस त्याच्या निम्मा. त्याच प्रकरणीं एका आर्य पुरुषाच्या एका वेळच्या जेवणास एक प्रस्थ तांदूळ धरिला आहे. माणसाचे तांदूळ कच्चे व कुत्र्याचा भात शिजलेला, हा भेद लक्षांत घेतला पाहिजे. तरीही कुत्र्याचा शिधा हिशेबाच्या वहींत लिहिला जात होता, उष्ट्यावर सोडलेला नव्हता, हें स्पष्ट आहे. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकारानें लिहिलें आहे कीं, बाबिलोनच्या इराणी सुभेदाराजवळ हिंदुस्थानी कुत्रे इतके होते कीं त्यांच्या अन्नाच्या खर्चासाठीं चार मोठीं गांवें इतर करांतून मुक्त केलीं होतीं. वेंदिदादांत तर घरच्या किंवा गुरांच्या कुत्र्यास फार कठीण हाडें किंवा फार कढत अन्न घालून त्याच्या घशास अथवा तोंडास इजा करणें हें मोठें पाप मानलें आहे.

पोषणाचें हें ऋण मरणोत्तरही फेडल्याचें एक उदाहरण दक्षिणेंत आहे. कर्नाटकांतील आतकूर येथील शिलालेख राष्ट्रकूट तिसरा कृष्ण व गंग राजा बूतुग यांच्या काळचा, इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा आहे. मणलेर नांवाच्या वीरानें पराक्रमाचें बक्षीस म्हणून राजाकडे ‘काळी’ नांवाचा कुत्रा मागून घेतला. पुढें तो कुत्रा एका रानडुकराशीं झुंजतांना डुकरासह मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ दगड उभारून त्याच्या पूजेसाठीं जमीन दिली गेली. हा कुत्रा शिकारी होता, घरचा राखणदार नव्हता, हें खरें. परंतु कुत्र्याविषयींचें कर्तव्य दगडावर कोरून त्यास जमिनीचें उत्पन्न तोडून देणारे लोक याच दक्षिणेंत होते, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

५. शिक्षण व संयम

पोषणानंतर शिक्षण. रामायणाच्या अयोध्याकांडांत केकयराज अश्वपतीनें भरतास निरोप देतांना राजवाड्यांत वाढविलेले, वाघासारख्या बळाचे, थोर देहाचे कुत्रे भेट दिल्याचा उल्लेख आहे. ‘दाढा हेंच ज्यांचें आयुध’ असें त्यांस तेथें विशेषण आहे. पंजाबच्याच बाजूस पुढें अलेक्झांडर आला तेव्हां सोपिथिस नांवाच्या राजानें त्यास दीडशें कुत्रे दिले व त्यांची परीक्षा सिंहावर करून दाखविली, असें डायोडोरस सांगतो. एका कुत्र्याचा पाय कापीत असतांही त्यानें धरलेला सिंह सोडला नाहीं. ग्रीकांस याचें मोठें कौतुक वाटलें.

आम्हांस या कथेंत कौतुकाबरोबर एक इशाराही दिसतो. रणांगणावर किंवा शिकारींत हा गुण असेल. पण ज्या घरीं लेंकरें खेळतात, भिक्षेकरी येतात, शेजारी हांक मारतात, तेथें धरलेलें न सोडणारा कुत्रा हा गुण नसून संकट आहे. घरच्या कुत्र्यास धरण्यापेक्षां सोडण्याची आज्ञा आधीं कळली पाहिजे. त्यानें भुंकून धन्यास उठवावें, येणारास जागच्या जागीं थोपवावें, आणि धन्याच्या एका शब्दानें मागें फिरावें. सूक्तकारानेंही कुत्र्यास चोरावर भुंकण्यासच सांगितलें आहे. शिक्षण पिल्लूपणापासून व्हावें, शिकविणारा एकच असावा, आज्ञेचे शब्द बदलूं नयेत, आणि शिक्षेपेक्षां शाबासकीवर भर असावा, हें आज सर्व जाणते लोक सांगतात. मारून शिकविलेला कुत्रा धन्याच्या हातास भितो व परक्याच्या पायास चावतो.

निष्कारण मारण्याविषयीं आमच्या इतिहासकाव्यांचें मत काय होतें, तेंही पाहण्यासारखें आहे. महाभारताचें आदिपर्व चाळतांना आरंभींच सरमेच्या पिल्लाची कथा लागते. कुरुक्षेत्रीं जनमेजयाच्या सत्रांत तें पिल्लू आलें असतां राजाच्या तिघां भावांनीं त्यास मारिलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें कीं तें चाटलें नव्हतें. सरमेनें येऊन विचारिलें, माझ्या मुलाचा अपराध काय? कोणासही उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां तिनें राजास अकल्पित भय प्राप्त होईल असा शाप दिला, आणि तो राजा शापशांतीसाठीं पुरोहित शोधीत फिरला. रामायणाच्या उत्तरकांडांतील प्रक्षिप्त मानलेल्या सर्गांत तर ब्राह्मणानें निष्कारण डोकें फोडलेला कुत्रा रामाच्या सभेंत फिर्याद घेऊन येतो, व त्याची फिर्याद ऐकली जाते. प्रक्षेप असला तरी तो कोणास तरी सुचला व परंपरेनें तो जतन केला, हाही पुरावाच होय.

६. दंड कोणास?

आतां लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत असा नियम आहे कीं, दाढांच्या किंवा शिंगांच्या प्राण्याकडून कोणास इजा होत असतां, सोडविण्यास समर्थ असूनही जो स्वामी सोडवीत नाहीं, त्यानें प्रथम साहसाचा दंड द्यावा. आणि पीडितानें आरडाओरड केली असतांही तो स्वस्थ बसला तर दंड दुप्पट व्हावा. याज्ञवल्क्याच्या हिशेबानें उत्तम साहस १०८० पण, मध्यम ५४० व प्रथम २७० पण. अर्थात् दुप्पट म्हणजे ५४० पण. कौटिल्याच्या कंटकशोधन अधिकरणांतही हाच नियम व हीच दुप्पट आढळते. मात्र त्याच्या मतें प्रथम साहस ४८ ते ९६ पणांपर्यंत असतें.

येथें एक शंका येईल. दाढांचे प्राणी म्हणतांना स्मृतिकाराच्या मनांत कुत्रा होता काय? कल्याणीच्या चालुक्य राज्यांत लिहिलेल्या मिताक्षरेंत विज्ञानेश्वर या स्थळीं हत्ती आदिकरून दाढांचे व गाय-बैल आदिकरून शिंगांचे, असा अर्थ करतो, हें खरें आहे. परंतु ‘आदिकरून’ या शब्दानेंच यादी मोकळी राहते. जो प्राणी रामायणांत दाढांच्या आयुधानें ओळखला गेला व ज्यास अमरकोशांत ‘मृगदंशक’ म्हटलें आहे, तो या यादींतून वगळण्यास कांहीं आधार दिसत नाहीं. दुसरें, नियमाचें कारण प्राण्याच्या जातींत नसून स्वामीच्या सामर्थ्यांत आहे. जो आवरूं शकतो, त्यानें आवरलें पाहिजे.

हें तत्त्व मनूनें वाहनांच्या बाबतींत अधिक विस्तारानें मांडलें आहे. सारथि अकुशल असल्यामुळें वाहन भलतीकडे जाऊन हानि झाली, तर दंड स्वामीस. सारथि कुशल असूनही चुकला, तर दंड सारथ्यास. आणि ‘बाजूस व्हा’ अशी आरोळी दिली असेल, तर कांहीं प्रसंगीं दंड माफ. तेव्हां अशिक्षिताच्या हातीं बलिष्ठ प्राणी देणें हाच मूळ अपराध ठरतो. आणि सूचना देण्यास किंमत असली तरी सूचना म्हणजे सर्व कर्तव्य नव्हे. फाटकावर पाटी लाविली कीं आपण मोकळे, असें मानणारांनीं हा विवेक ध्यानीं घ्यावा.

वेंदिदादाशीं तुलना केली म्हणजे आमच्या स्मृतींचें वैशिष्ट्य अधिक उठून दिसतें. तेथें भुंकल्यावांचून चावणाऱ्या बिघडलेल्या कुत्र्याच्या मानेस लांकूड अडकवून त्यास खांबाशीं बांधावें, आणि श्रद्धावान् माणसाची करावी तशी त्याची शुश्रूषा करावी, असें दयाळू विधान आहे. परंतु त्यास तसें न आवरल्यामुळें त्यानें मेंढरास किंवा माणसास जखम केली, तर शिक्षा कुत्र्याच्या अवयवांस भोगावी लागते. याज्ञवल्क्य व कौटिल्य यांनीं मात्र जबाबदारी सरळ स्वामीवर टाकिली. आमच्या खेड्यांतील राखणीच्या व्यवस्थेंतही हेंच तत्त्व होतें. मराठी अमलांत गांवीं चोरी झाली तर राखणदारानें चोराचा माग शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत पोंचवावा, नाहीं तर नुकसान भरून द्यावें, अशी वहिवाट होती. राखण ज्यानें पतकरली, त्यानें उत्तर द्यावें.

७. पिसाळलेला कुत्रा व निरपराध कुत्रा

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत सातव्या अध्यायीं पिसाळलेल्या कुत्र्याचें वर्णन आहे. शेंपूट, हनुवटी व खांदे गळालेले, तोंडांतून लाळ वाहणारा, बहिरा व आंधळा झाल्यासारखा, सैरावैरा धांवणारा. अशा प्राण्यानें चावा घेतल्यावर ज्या रोग्यास पाण्याचें भय उत्पन्न होतें, तो वांचत नाहीं, असें सुश्रुतानें निक्षून सांगितलें आहे. लक्षणें प्रकट झाल्यावर हा रोग आजही बहुधा प्राणघातकच ठरतो. फरक इतकाच कीं, इ. स. १८८५ मध्यें पाश्चर यांनीं मनुष्यास प्रथम लस टोंचल्यापासून रोग प्रकट होण्यापूर्वींच अडविण्याचें साधन मिळालें, आणि कुत्र्यासही लस देतां येऊं लागली. प्राचीनांस हें साधन नव्हतें; आज असून जो स्वामी तें वापरीत नाहीं, त्याचा दोष प्राचीन स्वामीपेक्षां मोठा मानला पाहिजे.

या भीतीपोटीं सरसकट कुत्रे मारण्याचे उपायही झालेले आहेत. मुंबईंत इंग्रज सरकारनें उन्हाळ्यांत मोकाट कुत्रे मारण्यास कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस ठेविलें होतें. इ. स. १८३२ च्या जून महिन्याच्या ६ तारखेस कोटांत हें काम चाललें असतां लोक खवळले. त्यांत पारशी लोक प्रमुख होते, कारण कुत्र्याचा घात त्यांच्या धर्मग्रंथानें महापाप मानलेला आहे. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद राहिलीं व अखेर सैन्य बोलवावें लागलें. जातककथांतील कुक्कुरजातक या प्रसंगीं आठवल्यावांचून राहत नाहीं. वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाच्या रथाचें चामडें रात्रीं पावसांत भिजून मऊ झालें असतां वाड्यांतल्याच उंची कुत्र्यांनीं खाल्लें. आणि राजानें शहरांतील इतर सर्व कुत्रे मारण्याचा हुकूम सोडिला. तेव्हां स्मशानांतल्या कुत्र्यांचा नायक राजापुढें येऊन विचारतो, वाड्यांतल्या कुत्र्यांस अभय व बाहेरच्यांस मरण, हा कोणता न्याय? ताकांत दर्भ कालवून वाड्यांतल्या कुत्र्यांस पाजल्यावर चामड्याचे तुकडे बाहेर पडतात व खरें काय तें सिद्ध होतें. सांभाळलेल्या कुत्र्याच्या अपराधाची शिक्षा मोकाट कुत्र्यास व्हावी, हा अन्याय त्या कथाकारास स्पष्ट दिसला होता. आजही कित्येक मोकाट कुत्रे हे कोणी तरी हौसेनें आणून कंटाळल्यावर रस्त्यावर सोडलेले, किंवा अशा सोडलेल्यांची प्रजा असतात. त्यांचा जाब कोणास विचारावयाचा?

८. उपसंहार

भारतीय दंडविधानाच्या इ. स. १८६० च्या कायद्यांत कलम २८९ अन्वयें, आपल्या ताब्यांतील प्राण्यापासून माणसाच्या जीवास धोका किंवा जबर दुखापत होऊं नये म्हणून पुरेशी व्यवस्था न ठेवणारास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. ता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमानें दंडाची मर्यादा पांच हजार केली आहे. उलट पक्षीं, सदैव बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसें फिरवून न आणणें हा इ. स. १९६० च्या प्राणिक्लेशनिवारक कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें स्वामीचाच अपराध आहे. माणसास इजा होऊं न देणें व कुत्र्यास इजा न करणें, हीं दोन्ही कर्तव्यें एकाच माणसाच्या माथीं ठेवणारा हा कायदा परका आहे असें म्हणण्याचें धाडस, वरील पुरावा पाहिल्यावर, कोणी करूं नये. याज्ञवल्क्य इजा होत असतां न सोडविणारास दंड करतो. आजचा कायदा इजेचा संभव असतां बंदोबस्त न करणारास शिक्षा देतो. पाऊल एक पुढें पडलें आहे. वाट तीच आहे.

तेव्हां घर राखण्यासाठीं कुत्रा आणणारानें आपण केवळ एक प्राणी आणीत नसून एक करार करीत आहों, असें समजावें. शिधा द्यावा, शिक्षण द्यावें, मोकळें फिरवावें, लस टोंचावी, आवरावें. आणि इतकें करूनही हानि झाली तर उत्तर आपण द्यावें. हें ज्यास झेपत नसेल, त्यानें दारास चांगलें कुलूप लावावें. कुलुपास भूक लागत नाहीं व तें कोणास चावत नाहीं.

मंडळाच्या सभासदांस शेवटीं एक विनंती आहे. कित्येक घराण्यांच्या संग्रहीं वाड्यांच्या खर्चाच्या वह्या, बेहेडे व गांवचे तंट्यांचे कागद आहेत. त्यांत कुत्र्याच्या भाकरीची बाब, किंवा कुत्रा चावल्यावरून झालेला निवाडा आढळल्यास त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य धाडावी. राजांच्या मोहिमांइतकाच घरच्या अंगणाचा इतिहासही लिहिला जावा, अशी आमची इच्छा आहे.